उन्हाळ्यातली जंगलफेरी : राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या वाटांसाठी

फेब्रुवारी सरला की कोल्हापूरच्या पश्चिमेला ट्रेकर फिरकत नाहीत. वाटांवर पाला साचतो, करवंदीच्या जाळ्या दोन्ही अंगांनी आत सरकतात. अशात दहा-अकरा किलोमीटरची गोल फेरी मारायची तर पावसाळी ट्रेकची सवय फारशी कामाला येत नाही.

परवानगीचं आधी बघा. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याला विचारल्याशिवाय शिरायचं नाही. हद्दीबाहेरच्या जंगलातही गावातला माणूस सोबत घेतलेला बरा. सकाळची पहिली एसटी पकडून वेळ साधत नाही, म्हणून आदल्या रात्री पायथ्याच्या गावातच मुक्काम करा.

फेरीत सडा (डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळी पठार) आधी, राई (दाट झाडी) नंतर. उजाडताच सहाला निघा. जांभ्या दगडाच्या सड्यावर सावली नसते. शिवाय एप्रिलच्या मध्यापासून दुपारनंतर वळीव कधीही गाठतो, आणि विजा चमकत असताना उघड्या सड्यावर आपणच सगळ्यांत उंच असतो.

मोडलेल्या वाटेवर तासाला दोन किलोमीटर धरा, जास्त नाही. सडा संपून राईत उतरायची जागा हा निर्णयाचा टप्पा. तिथं नऊपर्यंत पोचला नाहीत, निम्म्याहून जास्त पाणी संपलं किंवा उतरणीची वाट दिसेना, तर आल्या वाटेनं मागं फिरा. गोल फेरीत ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणून पुढं रेटलं जातं आणि तिथंच घोळ होतो. मागची वाट पाहिलेली असते, पुढची नाही.

पाणी माणशी चार लिटर. पावसाळ्यात काढलेल्या नकाशांवरचे झरे आता धरू नका. गावात ‘वर पाणी आहे का’ विचारलं तर बहुतेक ‘आहे की’ असंच उत्तर मिळतं. ‘ह्या आठवड्यात कुणी भरलं का?’ असं विचारा. ओआरएसचं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात घाला, अर्धं-अर्धं करू नका. खायला भाकरी, गूळ, शेंगदाणे. कांदा-लसूण चटणी मात्र बेतानं, तिनं तहान वाढते.

चुकायला होतं ते ढोरवाटांमुळे. ढोरवाट कमरेएवढ्या उंचीपर्यंतच मोकळी असते, डोक्याशी फांद्या आडव्या येतात, थोड्या अंतरावर ती तीन-चार ठिकाणी फुटते. माणसाच्या वाटेवर खांद्या-डोक्याच्या उंचीला कोयत्याची तिरकी तोड सापडते. ताजी तोड फिकट, जुनी काळवंडलेली. पन्नास पावलांत अशी एकही तोड दिसली नाही, तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत या. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी जाते.

उतारावर पाल्याखाली जांभ्याची बारीक खडी असते. टाच रोवून सरळ उतरलात तर घसरणार. आडवं पाऊल टाका, काठी आधी टेकवा. घोणस पाल्यात अजिबात ओळखू येत नाही, त्यामुळे काठीनं चाचपल्याशिवाय हात टेकू नका. चावलीच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. अवयव हलू न देता, माणसाला न चालवता उचलून खाली आणा आणि 108 ला फोन करा.

पाणवठ्याजवळ गवा दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. एकटा नर असेल तर अंतर आणखी वाढवा, मोबाइल खिशातच राहू दे. करवंदं-जांभळं पिकलेल्या भागात अस्वलाची शक्यता धरून बोलत चाला. कड्याखाली आग्या मोहोळ असेल तर अत्तर, धूर, आरडाओरडा काहीच नको. काडी पेटवायचीच नाही. वणव्याचा धूर दिसला तर वर चढू नका, आग चढावर वेगानं धावते. आडवं सरकून उघड्या कातळावर या.

पूर्ण बाह्या आणि लांब पँट हवीच. मोज्यांवरून कापड गुंडाळा, कुसळं कमी शिरतात. गावात परतल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू तपासा. गोचीड असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.