इंग्लंडच्या पानझडी जंगलात तोडीला जाण्याआधी

वनशास्त्र किंवा पर्यावरण शिकायला इंग्लंडला गेलात, तर हिवाळ्यात कुठल्या तरी राखीव जंगलात हेझल नावाचं झुडूपवजा झाड तोडायला बोलावणं येतंच. जंगल राखणारेच करवत चालवताना पाहून नवखा माणूस गांगरतो. पण हेझल, ॲश, ओक बुंध्यातून तोडले की खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात. सफोकच्या ब्रॅडफिल्ड वुड्समध्ये अशी तोड १२५२ पासून चालू असल्याची नोंद आहे.

तोड पानगळीनंतर, साधारण ऑक्टोबर ते मार्च. पक्षी घरट्याला लागले की बंद. हेझलची पाळी ७ ते १० वर्षांनी येते, कुंपणासाठीच्या स्वीट चेस्टनटची १२ ते १६ वर्षांनी. हत्यार म्हणजे हातकरवत आणि आपल्या कोयत्याच्या जातीचा बिलहूक. कडेचे दांडे आधी काढा, म्हणजे मधल्यांपर्यंत हात पोचतो. खुंट जमिनीपासून ५ ते १० सेंटिमीटर ठेवा आणि काप बाहेरच्या अंगाला उतरता घ्या; पाणी साचलं की कूज धरते. अर्ध्या हेक्टरच्या आसपास सलग तुकडा तोडावा. बारक्या चट्ट्यावर चहूबाजूंची सावली पडते, धुमारे रोड निघतात.

खरं नुकसान होतं ते तोडीनंतर. कोवळा धुमारा हरणांना फार गोड. त्यात आपल्या भेकराचं चिनी भावंड मुंटजॅक, उद्यानांतून सुटून रानभर झालेलं. तोडलेल्या तुकड्याभोवतीची तारेची जाळी १.८ मीटर उंच हवीच, पण तळाशी बारीक विणीची नसेल तर मुंटजॅक खालून शिरतो. ही अक्कल जुनीच आहे: १५४३ च्या कायद्यात एकरी १२ मोठी झाडं राखा आणि तोडलेल्या तुकड्याला काही वर्षं कुंपण घाला, अशी दोन्ही कलमं होती.

लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टमध्ये गुरं रानातच चरत. म्हणून तिथे हॉर्नबीम आणि बीच गुरांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर छाटत, कोकणात राबासाठी ऐन-किंजळाची कवळं तोडतात तसे. १८७८ च्या कायद्यानं ही छाटणी थांबली. माथे जड झाले, सावली दाटली, खालची झाडोरी विरळ झाली. आता पुन्हा छाटायचं तर घाई नडते: शंभर वर्षं हात न लागलेला बीच एका दमात बोडका केला तर बहुधा मरतो. फांद्या काही वर्षांच्या अंतरानं, थोड्या थोड्या उतरवायच्या आणि पालवी टिकल्याखेरीज पुढची फेरी धरायची नाही.