टी-५५ वर उभा केलेला पॅटन बाजूने रशियनच दिसत असेल तर

असल उत्तरच्या (१९६५ च्या भारत-पाक युद्धातील रणगाड्यांची लढाई) चित्रीकरणातील दृश्यासाठी टी-५५ या रशियन रणगाड्यावर पाकिस्तानने वापरलेल्या अमेरिकी पॅटन एम-४८ चा साज चढवला, तरी बाजूच्या शॉटमध्ये तो रशियनच दिसे. रंग बदलला, खोटे सहावे चाक लावले. चाकांभोवतीचा पट्टा फिरताच पितळ उघडे पडे, आणि आम्ही अगदी मेटाकुटीला आलो.

टी-५५ ला पाच मोठी चाके असून पहिल्या दोहोंत ठळक फट असते, तर पॅटनला सहा चाके आणि वर पट्टा पेलणारे छोटे रोलर असतात.

म्हणून आधी तोफेच्या तोंडाशी टी-आकाराचा डिफ्लेक्टर (स्फोटाचे वायू बाजूला वळवणारा भाग) बसवला, मग टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) फायबरचे गोलसर कवच चढवून कमांडरची घुमटी डावीकडून उजवीकडे आणली, आणि शेवटी रणगाडा उसाच्या शेतात, चाके पूर्ण झाकली जातील इतक्या खोल चरात उतरवला. त्या लढाईत पाणी सोडलेल्या शेतांत पॅटन खरोखरच रुतले होते. चालते शॉट मात्र समोरूनच घ्यावेत.