कोपऱ्यावरच्या दुकानाला गाडी का निघते? सोलापुरात आपला भाग असा मोजा

दूध आणायलासुद्धा गाडी काढणाऱ्याला आळशी म्हणणं सोपं आहे. खरं कारण बहुतेक वेळा रस्त्यांच्या आखणीत सापडतं आणि ते एका सकाळी मोजता येतं.

घरातून रोज लागणारी पाच ठिकाणं धरा: दूध, किराणा, शाळा, दवाखाना, बस थांबा. मोबाईलच्या नकाशावर प्रत्येकाचं सरळ रेषेतलं अंतर काढा, मग पायी जाऊन खरं अंतर मोजा. चाललेल्या अंतराला सरळ अंतराने भागा. उत्तर १.३ च्या आत असेल तर वाट सरळ आहे. १.६ च्या पुढे गेलं की माणूस किल्ली शोधायला लागतो.

नकाशाने सांगितलेल्या वाटेवर मात्र विसंबू नका. बाळीवेस, साखर पेठ भागातले कितीतरी बोळ त्यात नसतात, आणि तिथले लोक चालतात ते त्या बोळांमुळेच. जुळे सोलापूरकडे उलटं होतं. सोसायटीच्या भिंतीपलीकडचं दुकान सरळ रेषेत १५० मीटरवर, पण फाटकातून वळसा घालून ६०० मीटर. म्हणजे उत्तर ४! अशा भिंतीत माणूस जाईल एवढं दार पाडलं तर अख्ख्या गल्लीची सवय बदलू शकते. रेल्वे रुळाच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांनी पुलापर्यंतचा वळसाही धरावा.

मग टेप घ्या. फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मोजायचं ते सर्वात अरुंद जागी, जिथे विजेची डीपी (पेटी), हातगाडी किंवा लावलेली गाडी आडवी येते. एका जागी वाट अडली की लोक तिथून पुढे रस्त्यावरूनच चालतात. मोठा रस्ता ओलांडायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबावं लागत असेल तर तेही लिहा. तिथेच लोक धावत सुटतात.

सावलीची नोंद मे महिन्यात, दुपारीच करा. पारा चाळिशीपार असताना ४०० मीटर उघडा रस्ता म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. हिवाळ्यात पाहिलं तर तोच रस्ता चांगला वाटेल.

माणसं मोजायची ती कामाच्या दिवशी, सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं: पायी, सायकल, दुचाकी, शेअर रिक्षा, सिटी बस. ओझं असलेल्यांचा रकाना वेगळा ठेवा. विड्यांची पाटी किंवा लेकरू कडेवर असलेली बाई थांबा लांब असेल तर रिक्षाच धरते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस टाळा, तेव्हाची गर्दी रोजची नसते.

महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज देताना हाती काढलेला नकाशा जोडा आणि मागणी एकच ठेवा: अमुक भिंतीत दार, किंवा अमुक चौकात रस्ता ओलांडायचे पट्टे. दहा मागण्यांच्या अर्जातली एकही धड होत नाही.