नायट्रेट शून्य, तरी कोरल फिके

रीफ टाकीतले, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतले, कोरल फिके पडत होते आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेली चिकट साय साचत होती. दिवे लागले की दाट, रात्री विरळ. तपासलं तर नायट्रेट शून्य, फॉस्फेटही शून्य. पाणी स्वच्छ हवं हे खरंच, पण कोरलना दोन्ही थोडे लागतात. ते संपले की डायनोफ्लॅजेलेटना, म्हणजे ही साय धरणाऱ्या सूक्ष्म एकपेशीय जीवांना, रान मोकळं.

मासे मोजकेच, म्हणून घाण कमी; स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) मात्र दांडगा. फॉस्फेट शोषणारी मीडिया काढली, स्किमर फक्त रात्री चालू ठेवला आणि खाणं दिवसातून दोनदा, थोडं थोडं केलं. मग मासे वाढवले, एकेक करून, मध्ये काही आठवडे सोडून. एकदम सोडले तर अमोनिया चढतो. नायट्रेट लवकर हलला. फॉस्फेट ढिम्म! खडक आणि वाळू तो शोषून घेतात, त्यांचं पोट भरेपर्यंत टेस्टमध्ये काही दिसत नाही. इथेच खाणं टाकताना हात सैल सोडायचा मोह होतो.

आता नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), फॉस्फेट ०.०५ च्या आसपास. साय गेली, फांद्यांच्या कोरलच्या, म्हणजे अ‍ॅक्रोपोराच्या टोकांना जांभळा रंग चढलाय. काचेवर हिरवं शेवाळ धरतं, ते अधूनमधून खरवडतो.