गुडघा दुखत होता, पण जोर मांडीतला गेलेला

जिना चढताना एवढं नाही पण उतरताना उजवा गुडघा मधेच लचकायचा, आणि जमिनीवरून उठायचं तर हात टेकल्याशिवाय जमायचंच नाही. फिजिओने टेपने दोन्ही मांड्या मोजल्या तर उजवी चक्क बारीक! तिचं म्हणणं, सांध्यात दुखणं-सूज असली की मज्जासंस्थाच मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, पूर्ण जोर लावू देत नाही, मग तो वाळत जातो, वेळेवर आवळला जात नाही आणि आपण नकळत सगळा भार दुसऱ्या पायावर टाकत राहतो. त्यामुळे नुसत्या आरामाने काही होत नाही.

मग रोज गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती 5 सेकंद दाबून धरायची, पाय सरळ ठेवून वर उचलायचा, जरा उंच खुर्चीवरून हात न लावता उठ-बस. शिवाय ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं (सगळ्यात कंटाळवाणं हेच, पण जिन्यावर तोल सांभाळायला उपयोग ह्याचाच). थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सूज दिसली की व्यायाम कमी. फरक पडायला बरेच आठवडे गेले. आता कठडा न धरता उतरते, मांडी घालून बसणं मात्र अजून नाही जमत.