दूरगावच्या पाहुण्यांसोबत पॉडकास्ट कसा ध्वनिमुद्रित करावा

कोल्हापूरच्या तालमींवर पॉडकास्ट करायचे आम्ही ठरवले, तेव्हा बोलणारी माणसे तीन ठिकाणी होती. मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, वस्ताद कागल तालुक्यातील आपल्या गावी आणि एकेकाळी त्यांच्याच हाताखाली लाल मातीत घडलेले एक पैलवान नोकरीनिमित्त बंगळूरला. पहिला भाग आम्ही ऑनलाइन बैठकीचेच रेकॉर्डिंग करून तयार केला आणि तो ऐकताना जीव हळहळला, कारण ढाक, घिस्सा, कलाजंग अशी डावांची नावे नेमकी जिथे यायची, तिथेच वस्तादांचा आवाज तुटत होता.

असे होण्यामागे साधे कारण आहे. इंटरनेटवरून बोलताना आवाज लहान लहान तुकड्यांत जातो आणि संभाषण थांबू नये म्हणून उशिरा पोहोचलेला तुकडा सरळ टाकून दिला जातो. त्याची जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरते, म्हणून आवाज मध्येच यंत्रासारखा घरघरतो. यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे इंटरनेट फक्त एकमेकांशी बोलण्यासाठी वापरावे आणि प्रत्येकाचा आवाज त्याच्या त्याच्या संगणकावर मुद्रित करावा. नंतर सर्व फाइली एकत्र आणून जुळवल्या की तिघेही एकाच खोलीत बसल्यासारखे ऐकू येतात.

यासाठी लागणारी सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि मुक्त परवान्याखाली मिळतात. बोलण्यासाठी जित्सी मीट घ्यावे. पाहुण्याला दुवा उघडला की पुरते, मात्र बैठक सुरू करणाऱ्याला लॉगिन करावे लागते. ध्वनिमुद्रण आणि संपादनासाठी ऑडॅसिटी घ्यावी. ती २००० सालापासून उपलब्ध असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते.

सॉफ्टवेअरच्या आधी खोलीकडे लक्ष द्यावे, कारण उघड्या भिंतींचा घुमारा नंतर कोणत्याही साधनाने नीट निघत नाही. महागडे स्पंज आणण्याची गरज नाही. बोलणाऱ्याच्या समोर आणि पाठीमागे जाड वाकळ टांगली तरी मोठा फरक पडतो. पंखा बंद करावा. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बसू नये. आमच्याकडे जुलैत पावसाची झड लागली की पत्र्याचा आवाज माणसाच्या आवाजावर चढतो. हेडफोन प्रत्येकाने लावलेच पाहिजेत, नाहीतर समोरच्याचे बोलणे स्पीकरमधून पुन्हा आपल्या माईकमध्ये शिरते. हेडफोन तारेचे असावेत, कारण ब्लूटूथ हेडफोनचा माईक चालू झाला की आवाजाचा दर्जा बहुधा खाली येतो.

आता ऑडॅसिटी उघडून सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, सर्वांनी ४८,००० हर्ट्‌झ ठेवावा, मोनो, म्हणजे एकच ध्वनिवाहिनी, निवडावे आणि योग्य माईक निवडला आहे ना, हे तपासावे. ही तपासणी फार महत्त्वाची आहे. एका भागाच्या वेळी आमच्या पाहुण्यांसमोर चांगला माईक ठेवलेला होता, पण तासभर मुद्रित झाला तो लॅपटॉपच्या अंगचा माईक, आणि हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला माईकवर नखाने हलकेच खरवडायला सांगतो. ऑडॅसिटीत आवाजाच्या पट्टीत (ट्रॅकमध्ये) खरखर ठळक उमटली तरच माईक खरा. माईक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर, किंचित बाजूला असावा आणि बोलताना ऑडॅसिटीच्या मीटरवर पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान खेळावी. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही.

पाहुण्यांकडे संगणक नसेल तर एका फोनवर बैठक आणि दुसऱ्या फोनवर मुद्रण करावे. एकाच अँड्रॉइड फोनवर दोन्ही केल्यास बैठक चालू असताना मुद्रणाच्या ॲपला बहुधा निव्वळ शांतता मिळते. वस्तादांच्या बाबतीत त्यांच्या नातवाने दुसरा फोन पुस्तकांच्या चवडीवर तोंडासमोर ठेवला आणि तेवढ्याने काम भागले.

सर्वांनी मुद्रण सुरू केल्यावर आधी दहा सेकंद कोणीही बोलू नये. ही शांतता पुढे उपयोगी पडते. मग यजमानाने तीन आकडे मोजावेत आणि तिसऱ्याला सर्वांनी एकदम टाळी वाजवावी. आमच्या वस्तादांनी टाळीऐवजी मांडीवर शड्डू ठोकला आणि ऑडॅसिटीच्या पट्टीत तो उभ्या, टोकदार रेघेसारखा इतका स्वच्छ उमटला की आता आम्ही सगळेच शड्डू ठोकतो. बोलणे संपल्यावरही हीच खूण पुन्हा करावी. यजमानाने ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण बैठकीचेही रेकॉर्डिंग चालू ठेवावे. त्याचा दर्जा कमी असला तरी एखाद्याची फाइल बिघडली तर तोच आधार असतो, आणि जुळवणी करताना कोण कोणानंतर बोलले हे त्यावरून कळते.

तासाभराची मोनो वेव्ह फाइल सुमारे ३४५ मेगाबाइटची होते. पाठवण्यापूर्वी ती फ्लॅक स्वरूपात बदलली तर दर्जा तसाच राहून आकार बराच घटतो. दर्जा घटवणारी एमपीथ्री मात्र या टप्प्यावर करू नये.

सर्व फाइली एकाच प्रकल्पात घेऊन पहिल्या खुणेवर त्या जुळवाव्यात आणि नंतर शेवटची खूण पाहावी. ती पुढेमागे झालेली असण्याची शक्यता आहे. प्रत्येक यंत्राचे घड्याळ किंचित वेगळ्या गतीने चालते आणि तासाभरात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा इतका फरक सहज पडतो. एवढ्यानेही प्रश्न संपण्याआधीच उत्तर आल्यासारखे वाटते. अशा वेळी शांततेच्या जागी पट्टी कापून पुढचा भाग थोडा सरकवावा. सारी पट्टी ताणण्यापेक्षा हे सोपे आणि आवाजाला सुरक्षित. शेवटचा बारीकसारीक फरक कानानेच मिटवावा.

त्यानंतर आधी राखलेल्या शांततेवरून ऑडॅसिटीतल्या नॉइज रिडक्शन या गोंगाट कमी करणाऱ्या साधनाला गोंगाटाचा नमुना द्यावा आणि कपात ६ ते १२ डेसिबलच्या आत ठेवावी. जास्त कपात केली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, त्यापेक्षा थोडी सरसर राहिलेली बरी. कापाकापीत हात आखडता ठेवावा. वस्ताद आठवण काढताना क्षणभर थांबतात, तो थांबा आम्ही कधीच काढत नाही.

शेवटी सर्व पट्ट्या एकत्र करून लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचे माप) ही पातळी द्यावी, मोनोला ड्युअल मोनो (तोच आवाज दोन्ही कानांत) धरण्याची खूण चालू ठेवावी आणि ९६ केबीपीएसची (सेकंदाला ९६ किलोबिट) मोनो एमपीथ्री काढावी. तासाभराचा भाग सुमारे ४३ मेगाबाइटमध्ये बसतो. प्रसिद्ध करण्याआधी ती फाइल साध्या इअरफोनवर, शक्यतो केएमटीच्या चालत्या बसमध्ये ऐकावी. रंकाळ्यापर्यंत जाताना एखादे वाक्य पुन्हा मागे नेऊन ऐकावे लागले, तर त्या जागी प्लेअरवर दिसणारी वेळ टिपून ठेवावी आणि घरी आल्यावर त्या पट्टीचा आवाज तेवढ्यापुरता वाढवावा. मूळ फाइली मात्र पुसू नयेत. नाव आणि तारीख घालून त्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात.