कंटेनरमध्ये टॉमकॅट कसा चालवावा

जावात लिहिलेलं छोटं वेब ॲप्लिकेशन चालवायला अपाची टॉमकॅट हा सर्व्हर पुरेसा असतो. तो डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र ठेवलेल्या वेगळ्या कप्प्यात) ठेवला की मशीनवर जावा वेगळा बसवावा लागत नाही. डॉकर इन्स्टॉल झालेला आहे आणि ॲप्लिकेशनची वॉर फाइल (सगळा कोड एकत्र बांधलेलं पॅकेज) तयार आहे, असं धरून चालू. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करा.

आधी आवृत्ती ठरवा. टॉमकॅट १० पासून सर्व्हलेटच्या (वेब विनंत्यांना उत्तर देणाऱ्या जावा कोडच्या) पॅकेजांची नावं 'जावाएक्स'ऐवजी 'जकार्ता'ने सुरू होतात. त्यामुळे जुन्या नावांनी लिहिलेला कोड असेल, तर ९ घ्या. टॅग (नावापुढे कोलन देऊन लिहिलेली आवृत्ती) न लिहिता 'लेटेस्ट' घेणं मात्र टाळाच. आज चाललेलं ॲप्लिकेशन पुढच्या बिल्डला का मोडलं, हे शोधण्यात वेळ जातो.

आता नुसता सर्व्हर चालवून पाहा:

डॉकर रन --आरएम -पी ८०८०:८०८० टॉमकॅट:९

ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८०८० उघडलं की ४०४ (पान सापडलं नाही) दिसेल. इथे बरेच जण अडखळतात, पण हे बरोबरच आहे. अधिकृत इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्यात) 'वेबॲप्स' फोल्डर रिकामं असतं, नमुन्याची ॲप्लिकेशन्स 'वेबॲप्स.डिस्ट'मध्ये बाजूला ठेवलेली असतात. ४०४ आला म्हणजे सर्व्हर जिवंत आहे. कंट्रोल-सी दाबून तो थांबवा.

वॉर फाइलच्या शेजारी 'डॉकरफाइल' नावाची फाइल करा (डी मोठा, एक्स्टेंशन नाही). त्यात दोनच ओळी लागतात:

फ्रॉम टॉमकॅट:९
कॉपी ॲप.वॉर /यूएसआर/लोकल/टॉमकॅट/वेबॲप्स/रूट.वॉर

'रूट'ची चारही अक्षरं मोठी हवीत. तरच ॲप्लिकेशन थेट मुख्य पत्त्यावर उघडतं, नाहीतर फाइलचं नाव पत्त्याला जोडावं लागतं. मग स्वतःची इमेज बिल्ड करा. शेवटचा टिंब आज्ञेचाच भाग आहे:

डॉकर बिल्ड -टी वेबॲप:१ .

आता आधीच्या 'डॉकर रन' आज्ञेत 'टॉमकॅट:९'ऐवजी 'वेबॲप:१' लिहून ती चालवा. टॉमकॅट सुरू करण्याची आज्ञा इमेजमध्ये आधीच आहे: 'कॅटलिना.एसएच रन'. ती बदलू नका. त्याऐवजी 'स्टार्टअप.एसएच' लिहिलंत, तर टॉमकॅट पार्श्वभूमीत जातो, मुख्य प्रक्रिया संपते आणि तिच्यासोबत कंटेनरही बंद पडतो. कंटेनरचं आयुष्य त्या एका प्रक्रियेला बांधलेलं असतं.

सगळ्यात जास्त लक्ष मेमरीकडे द्या. 'डॉकर रन'मध्ये '--मेमरी ५१२एम' अशी मर्यादा घातली, की आजच्या जावा आवृत्त्या ती ओळखतात, पण हीपसाठी (ॲप्लिकेशनचा डेटा जिथे राहतो त्या मेमरीसाठी) आपणहून तिचा सुमारे पाव भागच घेतात, म्हणजे १२८ एमबी. बाकीची जागा बरीचशी पडून राहते आणि ॲप्लिकेशन मेमरी कमी पडल्याची तक्रार करतं. म्हणून 'कॅटलिना_ऑप्ट्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये '-एक्सएक्स:मॅक्सरॅमपर्सेंटेज=६०.०' द्या. व्हेरिएबलचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत येतं. पर्यायात 'एक्सएक्स' व 'रॅम' पूर्ण मोठ्या अक्षरांत आणि 'मॅक्स', 'पर्सेंटेज' यांचं पहिलं अक्षर मोठं. आकडा ९० वर नेऊ नका, कारण थ्रेड, मेटास्पेस (क्लासेसची माहिती ठेवण्याची जागा) आणि खुद्द जावालाही हीपबाहेर जागा लागते. कंटेनर १३७ हा कोड देऊन बंद झाला, तर 'डॉकर इन्स्पेक्ट' करून 'ओओएमकिल्ड' (मेमरी संपल्यामुळे बंद केला) ट्रू आहे का ते आधी बघा.

पोर्टचंही तसंच. वरची आज्ञा मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ८०८० उघडते. डॉकर आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम स्वतः लिहितो, त्यामुळे यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या साधनात पोर्ट बंद दिसला, तरी बाहेरून पोहोचता येऊ शकतं. पुढे एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या घेऊन टॉमकॅटकडे पाठवणारा सर्व्हर) असेल, तर '-पी १२७.०.०.१:८०८०:८०८०' लिहा, म्हणजे पोर्ट फक्त त्याच मशीनवरून उघडा राहील.

लोकांनी अपलोड केलेल्या फाइल्स कंटेनरच्या आत ठेवू नका. कंटेनर काढला की त्याही जातात, आणि नवी आवृत्ती चढवताना तो काढावाच लागतो. त्यांच्यासाठी '-व्ही' देऊन व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर टिकणारी साठवणीची जागा) जोडा. लॉग पाहायला 'डॉकर लॉग्ज -एफ' पुरतं. थांबवताना 'डॉकर किल'ऐवजी 'डॉकर स्टॉप' वापरा. लिनक्सवरच्या कंटेनरला त्यात १० सेकंद मिळतात. अर्धवट राहिलेल्या विनंत्यांना जास्त वेळ लागत असेल, तर '-टी ३०' देऊन मुदत वाढवा.